तोरणा, राजगड, सिंहगड: तीन पिढ्यांच्या क्लस्टरची वही

३ जून २०२४, सोमवार

वही आजपासून सुरू. निमित्त एकच. ३० जूनला सेंटओएस ७ या लिनक्सची मुदत संपते, म्हणजे पुढे पॅच नाहीत, आणि आपल्या क्लस्टरमधल्या बावीस नोडांपैकी, म्हणजे यंत्रांपैकी, आठ अजून त्यावरच आहेत. सरांना विचारलं. म्हणाले, "या वर्षी नवं काही मिळणार नाही, आणि जुनं काही बंद करू नका." झालं. आहे त्यातच भागवायचं.

आधी मोजदाद.

तोरणा १ ते ८: आयव्ही ब्रिज पिढीचे झिऑन, ई५-२६७० व्ही२. दोन सॉकेट मिळून २० कोअर, १२८ जीबी. सेंटओएस ७.

राजगड १ ते १०: ब्रॉडवेल, ई५-२६८० व्ही४. २८ कोअर, २५६ जीबी. रॉकी लिनक्स ८.

सिंहगड १ ते ४: एएमडी एपिक ७५४३. ६४ कोअर, ५१२ जीबी. रॉकी ९.

बेरीज ६९६ कोअर. गिऱ्हाइकाला सांगायला आकडा छान आहे, पण तोरण्याचा एक कोअर आणि सिंहगडाचा एक कोअर यांची बेरीज करणं म्हणजे रिक्षा आणि ट्रक मिळून दोन गाड्या म्हणण्यासारखं.

नावं माझ्या आधीच्या माणसाने ठेवलेली. महाराजांनी तोरणा आधी घेतला म्हणून सगळ्यात जुन्या खरेदीला तोरणा. लॉगिन नोड 'दिल्ली दरवाजा', स्टोरेज 'खडकवासला'. मी बदलणार नाही, निदान कुठलं यंत्र कुठल्या पिढीचं हे नावावरून तरी कळतं.

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा (ओएसचा) गाभा, अनुक्रमे ३.१०, ४.१८, ५.१४. ग्लिबसी, म्हणजे जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर उभे असतात ती सी लायब्ररी, २.१७, २.२८, २.३४. सिस्टीमचा पायथन २.७, ३.६, ३.९. हे कोष्टक मोठ्या अक्षरात छापून रॅकच्या दारावर चिकटवलं. इलेक्ट्रिशियन काका म्हणाले, "हे काय, पंचांग?" तसंच म्हणायचं.

७ जून, शुक्रवार

रात्री लावलेलं काम तोरणा-५ वर मेलं. एक्झिट कोड १३२. त्यातून १२८ वजा केले की उरले ४, आणि चार नंबरचा सिग्नल म्हणजे इल्लीगल इन्स्ट्रक्शन. प्रोसेसरला अशी सूचना मिळाली जी त्याच्या गावीच नाही.

काम सुरुवातीला मेलं असतं तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण पहिल्या ४९९ पायऱ्या सुरळीत झाल्या आणि ५०० व्या पायरीला सगळं कोसळलं. ओपनफोम, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर, स्वतः शहाण्यासारखं चाललं होतं. दर पाचशे पायऱ्यांनी बळांची गोळाबेरीज करणारी आपली घरची छोटी लायब्ररी आहे, ती पहिल्यांदा बोलावली गेली आणि घात झाला. कर्नलच्या नोंदींत, डीमेसेजमध्ये, 'ट्रॅप इन्व्हॅलिड ओपकोड' आणि पत्ता. त्या पत्त्यावर ऑब्जडम्प लावून प्रोसेसरच्या सूचना उलगडल्या तर समोर व्हीएफएमएडीडी. गुणाकार आणि बेरीज एका दमात करणारी ही एफएमए सूचना इंटेलकडे २०१३ च्या हॅसवेलपासून आली. तोरणा त्याच्या एक पिढी आधीचा.

लायब्ररी कुणी बनवली? नव्या मुलाने, सिंहगडावर, कंपायलरला 'मार्च नेटिव्ह' हा पर्याय लावून. म्हणाला, "ताई, तिथे सगळ्यात लवकर कंपाइल होतं म्हणून." त्याला काय बोलणार! नेटिव्ह म्हणजे 'ज्या यंत्रावर बसलोय त्याच्यासाठी', 'आपल्या सगळ्या यंत्रांसाठी' नव्हे, हे आम्ही कुठे लिहून ठेवलं होतं?

यात एक गोष्ट डोक्यात ठेवण्यासारखी आहे. हे सगळं अ‍ॅपटेनरच्या इमेजमध्ये, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी सोबत घेऊन फिरणाऱ्या कंटेनरमध्ये, चालतं. इमेजमध्ये रॉकी ९ ची ग्लिबसी आहे, म्हणून तोरण्याची २.१७ आडवी आली नाही. कंटेनर नसता तर पहिल्याच सेकंदाला 'ग्लिबसी २.३४ सापडत नाही' असं म्हणून काम थांबलं असतं आणि आम्ही वाचलो असतो. कंटेनर ओएसमधला फरक झाकतो. प्रोसेसरमधला झाकत नाही, आणि कर्नलमधलाही नाही. वरचा फरक झाकला गेला की खालचा उशिरा आणि जास्त जोरात लागतो.

ठरवलं: प्रत्येक घरच्या लायब्ररीच्या दोन आवृत्त्या. एक एक्स८६-६४-व्ही२ या प्रोसेसरच्या पातळीसाठी, म्हणजे एसएसई ४.२ पर्यंत, यात तोरणा बसतो. दुसरी व्ही३ साठी, एव्हीएक्स२ आणि एफएमए धरून, राजगड आणि सिंहगडाला. जीसीसी ११ पासून ही नावं थेट कंपायलरला देता येतात. 'नेटिव्ह' हा शब्द मेकफाइलमध्ये दिसला तर बिल्ड तिथेच थांबेल अशी तपासणी टाकली.

१३ जून, गुरुवार

गुरुवार, म्हणजे देखभालीसाठी वीज बंद. पुण्यात राहून याचं आश्चर्य वाटायला नको. यूपीएस दिल्ली दरवाजा आणि खडकवासला यांनाच पुरतो, बाकी सगळे सकाळी रीतसर बंद केले. दुपारी चारला वीज आली. चालू केले, तर तोरणा २, ६ आणि ७ स्लर्ममध्ये, म्हणजे नोडांना कामं वाटून देणाऱ्या प्रणालीत, 'डाउन'. पिंग होतात, लॉगिन होतं, पण कामं घेत नाहीत.

मंजच्या लॉगमध्ये 'एक्स्पायर्ड क्रेडेन्शियल'. मंज म्हणजे स्लर्मचा ओळखपत्र तपासणारा. त्याचं ओळखपत्र डीफॉल्टने ३०० सेकंद टिकतं. दोन यंत्रांच्या घड्याळांत त्याहून जास्त अंतर पडलं की एक दुसऱ्याला ओळख देत नाही. डेट कमांड दिली तर तोरणा-६ अजून २०१२ सालात.

मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली. एरवी यंत्रं वर्षभर चालू असतात, त्यामुळे बॅटरी मेल्याचं कुणाला कळत नाही. पण घड्याळ दुरुस्त करायला एनटीपीडी आहे ना? आहे. तो उठला, बारा वर्षांचं अंतर बघितलं आणि मुकाट्याने बंद पडला. एनटीपीडीचा नियमच तसा: फरक १००० सेकंदांहून जास्त असेल तर हे माझं काम नाही. हायफन जी हा पर्याय दिला तर पहिल्यांदा एकदा तो कितीही मोठी उडी मारतो. सेंटओएसच्या मूळ फाइलमध्ये तो असतो. आपल्या जुन्या किकस्टार्टने, म्हणजे आपोआप इन्स्टॉल करणाऱ्या स्क्रिप्टने, ती फाइल स्वतःची टाकून पुसली होती.

राजगड आणि सिंहगड घड्याळासाठी क्रोनीवर आहेत, तिथे हे झालंच नसतं.

१४ जून, शुक्रवार

तपकीर गल्लीत जाऊन सीआर२०३२ च्या दहा बॅटऱ्या आणल्या. दुकानदार म्हणाला, "रिमोटच्या का गाडीच्या किल्लीच्या?" म्हटलं, दादा, सर्व्हरच्या. त्याने चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता त्याच दिल्या. बुधवार पेठेत पार्किंग मिळालं ही आजची खरी बातमी.

सात बदलल्या. तोरणा-६ चा राइजर कार्डचा खटका इतका घट्ट आहे की तो तुटायची भीती वाटली, तसाच ठेवला. सगळ्या तोरण्यांवर एनटीपीडी काढून क्रोनी बसवला.

१९ जून, बुधवार

माझ्या लॅपटॉपवर, सगळ्या नोडांवर एकदम बदल करायला वापरतो ते, अ‍ॅन्सिबल अपडेट झालं. अ‍ॅन्सिबल-कोअर २.१७. त्यानंतर तोरणा आणि राजगड दोन्हीकडे प्रत्येक काम 'फ्युचर फीचर अ‍ॅनोटेशन्स इज नॉट डिफाइन्ड' म्हणून पडलं. फक्त सिंहगड हसतमुख.

२.१७ ला समोरच्या यंत्रावर किमान पायथन ३.७ लागतो. तोरण्यावर २.७, राजगडावर ३.६. राजगडावर ३.९ वेगळा टाकता येतो, टाकूनही पाहिला, पण पॅकेज बसवणाऱ्या डीएनएफची जोडणी तिथे सिस्टीमच्या ३.६ लाच आहे. त्यामुळे बाकी सगळं चालतं आणि ज्यासाठी अ‍ॅन्सिबल हवं तेच चालत नाही.

अ‍ॅन्सिबल-कोअर २.१६ वेगळ्या व्हेंवमध्ये, म्हणजे पायथनच्या स्वतंत्र कप्प्यात, बांधून दिल्ली दरवाज्यावर ठेवलं. यापुढे प्लेबुक, म्हणजे त्याची सूचनांची फाइल, तिथूनच चालवायचं, कुणाच्या लॅपटॉपवरून नाही. क्लस्टर चालवणारं हत्यार क्लस्टरमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या यंत्राच्या वयाचं असावं लागतं. हे मान्य करायला मला अर्धा दिवस लागला, कारण मला नवं आवडतं.

२१ जून, शुक्रवार

छोटंच, पण दोन तास खाल्ले. निकाल एकत्र करणारी शेल स्क्रिप्ट तोरण्यावर सॉर्ट करते आणि सिंहगडावर जॉइन, म्हणजे दोन फाइलींची जुळणी. जॉइन म्हणतो फाइल क्रमाने नाही. तोरण्यावर बघितलं, क्रमाने आहे. सिंहगडावर बघितलं, नाही. फाइल तीच, अक्षर न अक्षर.

ग्लिबसी २.२८ मध्ये अक्षरक्रमाचे नियम बदलले. '१-१' आणि '११' या दोन ओळी इंग्रजी अंकांत लिहून सॉर्ट केल्या तर तोरण्यावर ११ आधी येतो, सिंहगडावर १-१. जुन्या नियमात मधली आडवी रेघ आधी जमेस धरत नसत, नव्यात धरतात. आपल्या केसच्या नावांत आडव्या रेघा भरपूर. स्क्रिप्टच्या डोक्यावर एलसी-ऑल बरोबर सी टाकलं, म्हणजे भाषेचे नियम बंद, विषय संपला. पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांची या बदलात इंडेक्स बिघडून फार तारांबळ उडाली होती, आपल्याकडे तो प्रकार नाही हे नशीब.

२४ ते २७ जून

तोरणा-८ वर रॉकी ९ चा प्रयोग. प्रोसेसरची अडचण नाही. रेड हॅट ९ आणि रॉकीसारख्या तिच्या भावंडांना किमान व्ही२ लागतं आणि आयव्ही ब्रिज ते देतो. इन्स्टॉलर उघडला, भाषा विचारली, वेळ विचारली, आणि डिस्कच्या पानावर शून्य डिस्क.

कार्डांच्या यादीत (एलएसपीसीआय) डिस्का जोडणारं रेड (RAID) कार्ड दिसतं, डिस्कांच्या यादीत (एलएसबीएलके) काहीच नाही. कार्ड मेलेलं नाही. रेड हॅटने आठव्या आवृत्तीपासून कित्येक जुन्या रेड कार्डांचा पाठिंबा कर्नलच्या ड्रायव्हरमधून काढून टाकला आहे. ड्रायव्हर तोच, पण त्याच्या यादीतून आपल्या कार्डाचा नंबर गायब. राजगडाची कार्डं नवी म्हणून आठवर जाताना आम्हाला हे कळलंच नव्हतं.

ईएलरेपोवाले हे काढलेले ड्रायव्हर बांधून देतात. त्यांची ड्रायव्हर डिस्क लावली तर डिस्का दिसल्या, रॉकी बसलं, मी खूश. पण हे म्हणजे जन्मभर कुबडी. रॉकी ९.३ चं ९.४ होताना कर्नल बदलला आणि त्या दिवशी ड्रायव्हर जुळला नाही, तर यंत्र बूटच होणार नाही. आठ यंत्रांची अशी टांगती तलवार नको.

मग काकांनी साधी गोष्ट विचारली. "ही सीडीची खाच कशाला आहे? सीडी कोण लावतं आता?"

सीडी ड्राइव्ह रेड कार्डावर नसतो, मदरबोर्डच्या साटा पोर्टवर असतो. त्याच्यासाठी कर्नलमधला साधा एएचसीआय ड्रायव्हर पुरतो आणि तो कुणी काढलेला नाही. लॅपटॉपमध्ये सीडीच्या जागी दुसरी डिस्क बसवायची कॅडी मिळते, तीच इथे बसते. बारक्या सीडी ड्राइव्हच्या कनेक्टरवर पाच व्होल्टच येतात, पण अडीच इंची एसएसडीला तेवढेच लागतात. पुन्हा तपकीर गल्ली, आठ कॅडी, आठ साध्या एसएसडी. कॅडीचा पुढचा प्लास्टिकचा मुखवटा सर्व्हरच्या चौकटीत बसेना, तो काढून तिथे पांढरी चिकटपट्टी लावली. दिसायला गचाळ आहे. पोर्टचा वेगही कमी. ओएस तेवढ्यात मजेत चालते, कामाचा डेटा खडकवासल्यावरच असतो. रेड कार्ड आणि त्यावरच्या डिस्का तशाच सोडल्या, ओएसला त्या दिसत नाहीत आणि आम्हाला त्यांची गरज नाही.

तीन दिवस मी ड्रायव्हरच्या मागे होते. उत्तर ड्रायव्हर टाळण्यात निघालं, तेही काकांच्या तोंडून.

३० जून, रविवार

दोन गोष्टींचा आज योग. सेंटओएस ७ ची अखेर आणि पालख्या पुण्यात. दुपारी ऑफिसात जाऊन सेंटओएस ७ च्या सगळ्या रेपॉझिटरींची, म्हणजे पॅकेजांच्या साठ्यांची, प्रत खडकवासल्यावर उतरवून झाल्याची खात्री केली, मग फर्ग्युसन रस्त्याला जाऊन उभी राहिले. दिंड्या पाहताना लक्षात येतं की रांग सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या पावलाने पुढे सरकते, आणि तिथे ते बरोबरच आहे. आपल्याकडे एमपीआयचं, म्हणजे अनेक नोडांनी मिळून करायचं, काम दोन पिढ्यांच्या यंत्रांवर पसरलं की नेमकं हेच होतं, आणि तिथे ते वीजबिल होतं.

सुट्टीच्या दिवशी हे सुचतंय, म्हणजे रजा घ्यायला झाली.

१ जुलै, सोमवार

महिनाभर सगळ्यांना सांगत होते की पहिली तारीख उजाडली की तोरणा उघड्यावर पडेल. पहिली तारीख उजाडली आणि उघड्यावर पडला सिंहगड.

दुपारनंतर क्वालिसच्या संशोधकांनी दुरून लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएचमधलं भोक जाहीर केलं, सीव्हीई-२०२४-६३८७. लॉगिनची वेळ संपली की सिग्नल येतो, त्याच्या हँडलरमध्ये शर्यत लागते, आणि ती जिंकणाऱ्याला पासवर्डशिवाय रूट, म्हणजे यंत्राचा पूर्ण ताबा. ३२ बिट यंत्रावर करून दाखवलंय, ६४ वर अजून नाही. ही जुनी चूक २००६ मध्ये बुजवली होती, ८.५ आवृत्तीत परत आली. रॉकी ९ वर ८.७. राजगडावर ८.०, तोरण्यावर ७.४, दोघंही सुटले.

आणि बाहेरच्या जगाला दिसणारा आपला दिल्ली दरवाजा रॉकी ९ वर आहे.

पॅच येईपर्यंत लॉगिनग्रेसटाइम, म्हणजे लॉगिनची मुदत, शून्य केला. वेळच संपत नाही, म्हणून सिग्नल येत नाही. मोबदला असा की कुणी नुसतीच जोडणी उघडून बसला तर जागा अडतात, म्हणून फायरवॉलमध्ये आयपींची यादी आवळली. सर विचारत होते, "पण जुने धोकादायक ना?" म्हटलं, जुन्यात आता पॅच येणार नाहीत, म्हणून पुढे धोकादायक. आज नवे.

२ जुलै, मंगळवार

सेंटओएसची मिररलिस्ट, म्हणजे पॅकेजं कुठून घ्यायची ती यादी, डीएनएसमधूनच गेली. तोरण्यांना कळलंही नाही, ते आपल्या प्रतीवर आहेत. जुन्या मेशरच्या (जाळी पाडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कंटेनरची रेसिपी मात्र थेट बाहेरून ओढत होती, ती पडली. व्हॉल्टच्या, म्हणजे सेंटओएसच्या जुन्या साठ्याच्या, पत्त्यावर वळवली.

४ जुलै. दिल्ली दरवाजा आणि सिंहगड, एसएसएच पॅच झाले.

८ ते १२ जुलै

स्लर्म. आपण २०.११ वर अडकलेलो. जायचंय २३.११ वर. एका उडीत जाता येत नाही, या आवृत्त्यांतला स्लर्म फक्त मागच्या दोन मोठ्या आवृत्त्यांशी बोलतो. २०.११ नंतर २१.०८, मग २२.०५, इथे एकदा थांबायचं. तिथून २३.०२, २३.११. म्हणजे दोन मुक्काम. क्रमही ठरलेला: आधी हिशेब ठेवणारा डीबीडी, मग कंट्रोलर, शेवटी नोडांवरचा स्लर्मडी. उलट केलं तर नवा नोड जुन्या कंट्रोलरला जे सांगतो ते त्याला कळत नाही.

मंगळवारी रात्री डीबीडी. आधी डेटाबेसचा डम्प, तो दुसऱ्या यंत्रावर उघडून बघितला, कारण न उघडलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही. मग डीबीडी सिस्टीमडीतून, म्हणजे ओएसच्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थापकातून, न चालवता हाताने, समोर. जुन्या नोंदींचं रूपांतर व्हायला वेळ लागतो, आणि सिस्टीमडीने वेळ संपली म्हणून मधेच मारलं तर डेटाबेस अर्धवट. पन्नास मिनिटं पडद्यावर काहीही हललं नाही. नवा मुलगा दर पाच मिनिटांनी विचारत होता, "ताई, अडकलं का?" मलाही तेच वाटत होतं, पण हात मांडीखाली घालून बसले. शेवटी रूपांतर झाल्याची ओळ आली तेव्हा खालचा वडापाववाला बंद झाला होता.

शुक्रवारपर्यंत दोन्ही मुक्काम पार. मोठा फायदा: प्रत्येक कामाला कोअर-मेमरीची मर्यादा घालणाऱ्या सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीचा पाठिंबा स्लर्ममध्ये २२.०५ पासून आहे. तोवर सिंहगडाला बूटच्या ओळीत दटावून पहिल्या आवृत्तीवर चालवत होतो. ती ओळ काढली. आता राजगड पहिल्यावर, सिंहगड दुसऱ्यावर, स्लर्म स्वतःच ओळखतो.

१८ जुलै, गुरुवार

तोरणा १ आणि २ रॉकी ९ वर गेले आणि लगेच 'ड्रेन', म्हणजे नवं काम मिळणं बंद. कारण: लो रिअलमेमरी. रॅम गेली की काय म्हणून पोटात गोळा. रॅम जागेवर आहे. नवा कर्नल स्वतःसाठी जास्त राखून ठेवतो, त्यामुळे उरलेली कॉन्फिगमधल्या आकड्यापेक्षा थोडी कमी भरते, आणि स्लर्मला तेवढं पुरतं. नोडवर 'स्लर्मडी सी' चालवून आलेला आकडा खाली गोल करून लिहिला. दहा मिनिटांचं काम, आधी वीस मिनिटं घाम.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. भिडे पूल पाण्याखाली, सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांत पाणी. कुणी ऑफिसला येऊ नये असा निरोप. घरून बसले.

सकाळी सव्वासातला आपल्या निरीक्षण प्रणालीचा ठरलेला मेसेज सगळ्यांच्या ग्रुपवर पडला: 'सावधान, खडकवासला ९१ टक्के.' पाच मिनिटांत सात जणांनी तो आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर पुढे ढकलला. सरांचा फोन: "अहो, हे तुम्हाला पाटबंधाऱ्यातून कळतं का?"

स्टोरेजचं नाव बदलणार नाही. मेसेजच्या आधी 'सर्व्हर' हा शब्द टाकला. आणि जुन्या केसेस हलवून ९१ चं ६८ केलं.

६ ऑगस्ट, मंगळवार

हा प्रश्न मी एक ना एक दिवस येणार म्हणून टाळत होते. एरो (गाड्यांभोवतीच्या हवेचा अभ्यास) गटातल्या मॅडम स्वतः खाली आल्या. एकाच गाडीची एकच केस, तीच जाळी, तीच सेटिंग. गेल्या महिन्यात तोरण्यावर, काल सिंहगडावर. ड्रॅगच्या, म्हणजे हवेच्या रोधाच्या, आकड्यात चौथ्या दशांशाला फरक. "गिऱ्हाईक विचारतंय यातला खरा कुठला."

पहिलं कारण सोपं. तोरण्यावर जाळीचे १६० तुकडे, सिंहगडावर २५६. प्रत्येक तुकड्याची बेरीज वेगळी, मग सगळ्यांची मिळून. संगणकाच्या दशांशांत बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात. म्हणून दोन्हीकडे एकाच नोडवर २० तुकडे करून छोटी केस चालवली. फरक कमी झाला, पण गेला नाही.

बायनरी तीच, व्ही२ ची, म्हणजे आपल्या कोडमध्ये एफएमए नाही. इमेज तीच, म्हणजे ग्लिबसीही तीच. मग उरलं काय?

ग्लिबसी स्वतःच. तिच्या गणिताच्या भागात घातांक, लॉग, साइन यांच्या दोन-तीन आवृत्त्या असतात आणि कार्यक्रम सुरू होताना प्रोसेसर बघून ती त्यातली एक निवडते. सिंहगडावर एफएमएवाली, तोरण्यावर साधी. एफएमए गुणाकार आणि बेरीज करून एकदाच गोल करते, साधी पद्धत दोनदा. फरक सोळाव्या-सतराव्या अंकात. पण खळाळत्या हवेचं गणित असं की सोळाव्या अंकातली कुजबुज हजारो पायऱ्यांनी चौथ्या अंकापर्यंत पोचते. ग्लिबसीच्या ट्यूनेबल्समधून (सेटिंगांतून) सिंहगडावर एफएमए बंद केली आणि तीच वीस तुकड्यांची केस पुन्हा चालवली. शेवटच्या अंकापर्यंत तंतोतंत.

मॅडमना दोन्ही छापील कागद शेजारी ठेवून दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे दोन्ही खरे." हो, दोन्ही खरे, आणि ड्रॅगचा चौथा दशांश अहवालात लिहायलाच नको होता. ते त्यांनी मान्य केलं, जरा कुरकुरत. एफएमए कायमची बंद ठेवायचं मात्र मी नाकारलं. एका अंकाच्या समाधानासाठी चार नव्या यंत्रांचे पंख छाटायचे नाहीत.

तोडगा: एक प्रकल्प, एक किल्ला. प्रकल्पाची पहिली केस ज्या कुटुंबात चालली, शेवटचीही तिथेच. अहवालाच्या तळाशी कुटुंबाचं नाव, तुकड्यांची संख्या आणि इमेजची आवृत्ती.

१४ ऑगस्ट, बुधवार

वरचा नियम माणसांच्या लक्षात राहणार नाही, स्लर्मच्या लक्षात राहायला हवा. प्रत्येक नोडला फीचर म्हणून त्याचा किल्ला लावला, शिवाय व्ही२ किंवा व्ही३. कामाच्या अटीत, म्हणजे कन्स्ट्रेंटमध्ये, नुसती उभी रेघ मारून तीन किल्ले लिहिले तर स्लर्म एकाच कामाला दोन तोरणे आणि एक सिंहगड असा खिचडी संच देऊ शकतो. तीच नावं चौकोनी कंसात लिहिली की 'तिघांपैकी कुठलाही, पण सगळे नोड एकाच जातीचे' असा अर्थ होतो. हा कंस सबमिट करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये कायमचा बसवला. ज्याला खिचडी हवी त्याने तो हाताने काढावा.

खिचडी करून पाहिलीच नाही असं नाही. ओपनफोममध्ये तुकडे पाडणाऱ्या स्कॉचला वजनं देता येतात, तोरण्याला लहान तुकडा, सिंहगडाला मोठा. चाललं. पण वजनं केसगणिक वेगळी निघतात, कारण कधी प्रोसेसर कमी पडतो, कधी मेमरीचा वेग. दोन दिवस वजनं जुळवून जे मिळालं, त्यापेक्षा सिंहगडाच्या रांगेत दोन तास थांबणं स्वस्त.

नोडांचं वजन ही स्लर्ममधली वेगळी गोष्ट, आकडा लहान असलेला नोड आधी दिला जातो. सगळ्यात लहान आकडा तोरण्याला. छोटी कामं आपसूक तिकडे जातात आणि सिंहगड मोठ्यांसाठी मोकळा राहतो. लोकांची तक्रार आली की "माझं काम नेहमी जुन्यावरच का". उत्तर: कारण ते तिथे लगेच सुरू होतं.

५ सप्टेंबर, गुरुवार

परवा गणपती. चौकातला मांडव आपल्या जनरेटरच्या दारासमोर आलाय. मंडळाच्या पोरांशी बोलून दीड फूट जागा सोडवून घेतली, बदल्यात वर्गणी.

तोरण्याचे सात नोड रॉकी ९ वर. तोरणा-३ सेंटओएस ७ वरच राहणार. जुना मेशर डाँगलवर, म्हणजे परवान्याच्या किल्लीवर, चालतो आणि डाँगलचा ड्रायव्हर बनवणाऱ्याने तो ३.१० कर्नलसाठी एकदाच दिला. मेल केला होता, 'नवी आवृत्ती विकत घ्या' असं उत्तर आलं. मेशर कंटेनरमध्ये टाकता येतो, टाकलाही होता, पण कर्नल कंटेनरसोबत जात नाही. म्हणून तोरणा-३ ला बाहेरचं इंटरनेट नाही, खडकवासल्यावर एकच फोल्डर, एसएसएच फक्त दिल्ली दरवाज्यातून. स्लर्ममध्ये त्याला 'जुना' असं वेगळं फीचर आणि वेगळी रांग. ज्यांना मेशर लागतो त्या तिघांची नावं त्या रांगेला.

रॅकच्या दारावरचा कागद बदलला. काकांनी स्वतः चिकटवला, पट्टीने सरळ.

बाकी: तोरणा-६ ची बॅटरी बदलायची राहिली आहे. आज दुपारी वीज जाणार असा मेसेज आहे, तेव्हा राइजरचा खटका काका आणि मी मिळून बघतो.